ज्याने लावली त्यानेच काढावी

नाव : एलिया दानिएल शिरसाठ. वय : एकावन्न. मूळ गाव : श्रीरामपूर. हुद्दा : दृश्य व्यवस्थापन सहायक, कायम. कामाचे स्वरूप : कार्यशाळेतील फलक, पट्टे, रंग व खुणा यांची देखभाल करणे आणि कर्मचाऱ्यांना त्यांचा अर्थ समजावून सांगणे. ओळखीची खूण : उजव्या हाताची करंगळी व तिच्या शेजारचे बोट नाही. स्वभाव : हा रकाना रिकामा आहे.

रिकामा ठेवला हे कंपनीचं शहाणपणच म्हणायचं. नागापूरच्या एमआयडीसीत, पत्रा दाबून गाड्यांचे सुटे भाग काढणाऱ्या त्या कारखान्यात, ‘अर्थ समजावून सांगणे’ म्हणजे काय हे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी कळायचं. जमिनीवर पिवळा पट्टा होता. पट्ट्याच्या आतून चालायचं. पाय बाहेर पडला की एलिया अर्थ समजावून सांगायचा, आणि तो अर्थ संध्याकाळपर्यंत कानात वाजत राहायचा. उजव्या हाताला तीनच बोटं उरल्यामुळे मार कमी बसतो असा ज्यांचा समज होता, ते एकदा खाऊन बघेपर्यंतच तसा समज बाळगून होते.

बोटांचं असं झालं. दोन हजार आठ साली एलिया तीन नंबरच्या प्रेसवर होता. प्रेस अडीचशे टनांची. डायमध्ये, म्हणजे दाबायच्या साच्यात, पत्रा अडकला म्हणून त्यानं मागच्या बाजूनं हात घातला. तेवढ्यात पाळी बदलली. पुढून नवा माणूस आला, यंत्रासमोर कुणी नाही असं बघून त्यानं दोन हातांनी दोन बटणं दाबली. प्रेसला दोन बटणं असतात ती एवढ्यासाठी, की दाबणाऱ्याचे स्वतःचे हात बाहेर राहावेत. दुसऱ्याच्या हातांची चौकशी यंत्र करत नाही.

अकरा दिवस एलिया दवाखान्यात होता. बाराव्या दिवशी पट्टी बांधलेला हात गळ्यात अडकवून तो गेटवर आला आणि त्या माणसाला डाव्या हातानं इतका मारला की दोन दात चहाच्या टपरीपर्यंत गेले. त्या रविवारी पाळकांनी दुसरा गाल पुढं करण्यावर प्रवचन दिलं. एलिया बाहेर पडताना म्हणाला, “पास्टर, हे त्याला सांगा. गाल त्यानं पुढं करायचा व्हता.”

मालक आप्पासाहेबांनी त्याला काढलं नाही. काढलं असतं तर बोटांचा विषय निघाला असता. त्यांनी त्याला रंगाचा डबा आणि ब्रश दिला. एलियानं ताटाएवढ्या पत्र्याच्या पाट्या कापल्या, लाल रंगवल्या आणि प्रत्येकीवर एकेका कामगाराचं नाव पांढऱ्यानं लिहिलं. यंत्रात हात घालायचा असेल तर आपल्या नावाची पाटी बटणांवर अडकवायची. दोन्ही बटणं पाटीखाली झाकून जायची. आणि नियम एकच : ज्यानं लावली त्यानंच काढायची. मालक आला तरी दुसऱ्यानं हात लावायचा नाही.

नवा माणूस आला की एलिया हातमोज्यात भिजवलेली हरभऱ्याची डाळ गच्च भरायचा, तो डायमध्ये ठेवायचा आणि प्रेस मारायचा. मग मोजा त्या माणसाच्या हातात द्यायचा. एकदा आप्पासाहेबांच्या पुतण्यानं गंमत म्हणून एक पाटी काढली, तर एलियानं त्याला मागच्या हौदापर्यंत कॉलर धरून फरफटत नेला आणि पाणी पाजून आणला. सोळा वर्षांत कारखान्यातल्या चारही प्रेसवर कुणाचं नखही गेलं नाही. चाकणहून पाहुणे यायचे, पाट्यांचे फोटो काढायचे. एलियाच्या तळहाताचा फोटो कुणी काढला नाही, आणि निम्मी पद्धत तर त्यातच होती.

मधे करोनाची टाळेबंदी आली. नियोजन विभाग घरून काम करायला शिकला आणि टाळेबंदी उठल्यावर ते विसरायला तयार होईना. हर्षल म्हणून एकोणतीस वर्षांचा नियोजन अधिकारी होता. मंगळवार-गुरुवार नागापुरात, बाकी दिवस पुण्यात वाकडच्या फ्लॅटवर. याला हायब्रीड म्हणतात, हे एलियाला समजावून सांगावं लागलं नाही. तो प्रोटेस्टंट, बायको फिलोमिना कॅथलिक. एक रविवार ह्या चर्चला, एक त्या, असं त्यांच्या घरी पंचवीस वर्षं चाललं होतं.

हर्षल मुलगा वाईट नव्हता. घरी बसून पाट्या दिसत नाहीत, ही त्याची अडचण खरी होती. त्यानं संगणकावर फलक केला. चार प्रेसचे चार चौकोन, हिरवा म्हणजे चालू, लाल म्हणजे हात आत. तोच फलक कारखान्याच्या भिंतीवर पंचावन्न इंची टीव्हीवर. आणि एकच माहिती दोन ठिकाणी नको म्हणून पत्र्याच्या पाट्या भंगाराच्या खोलीत.

“साहेब, हे लाल कोन पुसू शकतं?” एलियानं विचारलं.

“लिंक असेल तो कुणीही. पारदर्शकता आहे ना, काका.”

“मंग मारायचं कुनाला?”

“म्हणजे?”

“पाटी काडली तर मी मानसाला मारतो. ह्यात मानूस कुठं हाय?”

हर्षल हसला. एलिया हसला नाही. हर्षल नवा लागला तेव्हा त्याचं प्रशिक्षण फोनवरच झालं होतं. एलियानं डाळीचा मोजा फोनसमोर धरला, प्रेस मारली, चेंदा झालेला मोजा पुन्हा फोनसमोर धरला. पलीकडं कॅमेरा बंद, आवाज बंद. थोड्या वेळानं पडद्यावर एक पिवळा अंगठा उगवला.

“अंगठा पाठवलाय सायबानं,” एलिया तेव्हा म्हणाला होता. “संभाळून ठेवा. लागंल.”

तो सोमवार होता, म्हणजे हर्षल घरी. साडेबाराला पाथर्डीकडचा फिटर कानिफनाथ तीन नंबरच्या मागं बसला. त्यानं फोनवर चौकोन लाल केला आणि डायच्या स्प्रिंगा बदलायला हात आत घातला. काम लांबलं. यंत्र मधूनमधून थोडं सरकवून बघावं लागत होतं, म्हणून वीज तोडली नव्हती. तीन वाजायला आले. वाकडला हर्षलच्या पडद्यावर अडीच तास लाल असलेला चौकोन दिसत होता आणि तीनच्या बैठकीत गिऱ्हाइकाला तोच पडदा दाखवायचा होता. दोन तासांवर कुणी लाल ठेवत नाही, बदलायचं राहिलं असेल, असं समजून त्यानं तो हिरवा केला.

तीनला पाळी बदलली. गोरक्ष आला, टीव्हीकडं बघितलं, हिरवं. त्यानं मोटर चालू केली. तीन नंबरचं वरचं मोठं चाक वेग घ्यायला दहा-बारा सेकंद घेतं. मागं बसलेल्या कानिफनाथच्या कानांत कंपनीनं दिलेले नवे बोळे होते. बोळ्यांचा रंगही हिरवा.

एलिया त्या वेळी एक नंबरजवळ पट्ट्याला रंग देत होता. तिथून त्याला कानिफनाथची पाठ दिसत होती. चाकाचा आवाज चढत गेला तसा तो सोळा वर्षं मागं गेला आणि पुढं धावला. ओला पट्टा तुडवत, सगळ्या रेषा ओलांडत, आडवा. जाता जाता टेबलावरचा हातभर पाना उचलला. ओरडून उपयोग नव्हता. त्या छपराखाली माणसाचा आवाज माणसाला पोचत नाही. गोरक्षचे दोन्ही पंजे बटणांवर टेकत होते. एलियानं पाना फिरवला. जबड्याचा आवाज मात्र सगळ्यांना पोचला. गोरक्ष बाजूच्या पिंपावर आदळला, पिंप कलंडलं, तेल आणि रक्त मिळून उताराला लागलं.

एलियानं लाल बटण दाबून यंत्र मेलं याची खात्री केली. मागं गेला. कानिफनाथचा उजवा हात कोपरापर्यंत आत. एलियानं त्याला दंडाला धरून ओढून काढला, कानातले बोळे उपटले आणि थोबाडीत दिली.

“आरं काय झालं!”

“तुजी पाटी कुठंय?”

“टीव्हीत… लाल केली व्हती मी!”

“बघ वर.”

कानिफनाथनं वर बघितलं. त्यानं उजवा हात काखेत दाबून धरला. एलियानं त्याच पान्यानं टीव्ही फोडला. एका घावात काच गेली, दुसऱ्यात चौकट वाकली, तिसऱ्यात तो भिंतीवरून खाली आला. टीव्ही खाली आल्यावरही एलिया थांबला नाही. चौघांनी धरला तेव्हा थांबला. त्यातल्या एकाचं नाक फुटलं होतं.

संध्याकाळी फिलोमिनानं त्याच्या हातातल्या काचा सुईनं काढल्या. “गोरक्षचं समजलं. टीवी कशापायी फोडला?”

“त्याला जबडा न्हवता.”

चौकशी झाली ती व्हिडिओवर. चौकशी अधिकारी म्हणजे एक वकील, आपल्या घरून. हर्षल आपल्या घरून. एलिया कंपनीच्या कचेरीत, आप्पासाहेबांच्या लॅपटॉपसमोर.

“बोलायचं असेल तर हात वर करायचं बटण दाबा,” वकील म्हणाले.

एलियानं हातच वर केला. तीन बोटं पडदाभर आली.

“कानिफनाथ यांना काही इजा झाली का?”

“न्हाई.”

“म्हणजे अपघात झाला नाही.”

“न्हाई झाला.”

“मग तुम्ही गोरक्ष यांना का मारलं?”

“म्हनूनच न्हाई झाला.”

हर्षल मध्येच बोलला. “हिरवा मी केला होता. चूक माझी आहे.” वकील म्हणाले, आरोपपत्रात रंगाचा मुद्दा नाही.

वकील गेल्यावर आप्पासाहेबांनी लॅपटॉप मिटला. “एल्या, माफी लिही. नोकरी ऱ्हाईल. सात वर्षं हायेत तुझी.”

एलियानं लिहिलं. गोरक्षला मारल्याबद्दल माफी मागतो. टीव्हीबद्दल मागत नाही. पत्र्याच्या पाट्या परत लावाव्यात, नाहीतर तीन नंबर चालू होऊ देणार नाही. चालू करणाऱ्याचे काय होईल ते गोरक्षला विचारावे. गोरक्षला विचारणं अवघड होतं, त्याचा जबडा सहा आठवडे तारांनी बांधलेला होता. आप्पासाहेबांनी कागद दोनदा वाचला. “शेवटची वळ खोड.”

“ती ऱ्हाऊ द्या. वरचं खोडा.”

गोरक्षनं पोलिसात तक्रार दिली नाही. तारा निघाल्यावर तो एलियाच्या घरी आला, चहा घेतला. “काका, खांद्यावर मारला असता तरी चाललं असतं,” एवढंच म्हणाला.

पाट्या भंगाराच्या खोलीतून बाहेर आल्या. हर्षलनं पुण्याहून येऊन त्या स्वतः पुसल्या, बटणांवर अडकवल्या आणि त्यांच्याकडं तोंड करून चार कॅमेरे बसवले. आता पुण्याला पाट्या दिसतात, हलवता येत नाहीत. या सुधारणेचा मान हर्षलला मिळाला. बक्षीस घेताना स्टेजवर त्यानं एलियाचं नाव घेतलं, पण माईक तेवढ्यापुरता बंद पडला होता.

बडतर्फीचा आदेश मराठीत, दोन प्रतींत निघाला. सदर कर्मचाऱ्याने सहकाऱ्याच्या जबड्यास गंभीर दुखापत करून एक नग दूरचित्रवाणी संच नष्ट केला. सदर दिनांकास कार्यशाळेत कोणताही अपघात घडल्याची नोंद नाही. सबब सदर वर्तनास कोणतेही समर्थनीय कारण आढळून येत नाही.

कानिफनाथच्या दोन्ही हातांना मिळून दहा बोटं आहेत.