सुन्न बोटांना कळलेला कापूस

आमच्या घरात अंगारा-ताईत म्हटलं की बाबांच्या शिव्या बसायच्या. मीही त्यांच्याच वळणावर गेलेलो. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटून राह्यली... पण झालं ते झालं.

मी घाटंजीजवळच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, ग्रेडर होतो. कापसाचे भाव पार पडले होते त्या वर्षांतली गोष्ट. गाडी आली की ढिगात हात घालायचा, चिमूटभर कापूस बोटांत चोळायचा आणि सांगायचं — कोरडा, ओला, की किडका कवडी. माझा शब्द फायनल! एका सकाळी पत्र्याच्या धारेनं उजवं मनगट कापलं आणि अंगठा नि शेजारची दोन बोटं सुन्न झाली. आता मी कसला ग्रेडर?

नागपूरच्या डॉक्टरांनी नसेच्या तुटक्या टोकांमध्ये एक बारीक नळी बसवली. कोलेजनची, प्रयोगशाळेत बनवलेली. म्हणाले, "हिच्यातून नस स्वतःच वाढत जाईल, रोज मिलिमीटरभर. नळी नंतर विरघळते. बोटांच्या टोकापर्यंत पोचायला सहा-सात महिने धरा."

दर पंधरा दिवसांनी यवतमाळला फिजिओथेरपीच्या मॅडम तपासायच्या. मी डोळे मिटायचो, त्या टाचणी टोचायच्या, गरम-थंड लावायच्या, दवाखान्यातला धुतलेला कापूस फिरवायच्या. शून्य! दुसऱ्या महिन्यात मी गमतीनं म्हटलं, "आमचा कापूस लावून पाहा ना." पुढच्या खेपेला त्यांनी खरंच तीन ठिकाणचा कापूस आणला. पहिला बोटाला लागला आणि मी बोलून गेलो, "ओला हाये."

"वासानं ओळखलंत," मॅडम हसल्या.

मग नाकात बोळे घातले, हात टेबलाला पट्ट्यानं बांधला. कोरडा. कवडी. पुन्हा ओला. सगळे बरोबर! आणि टाचणी? अजिबात कळत नव्हती. मशीनवर नस तपासली, तर ती अजून तळहातापर्यंतच पोचलेली.

मी कामावर परतलो. जिनिंगच्या मालकांनी, शेटजींनी, ओलावा मोजायचं यंत्र आणलं. यंत्र आणि माझी सुन्न बोटं एकच सांगायची.

सातव्या महिन्यात एका दुपारी बायकोनं चहाचा पेला हातात दिला. मी ओरडलो, "अवं, भाजलं ना वं!"

"भाजलं? खरंच भाजलं तुमाले?" असं म्हणत ती रडायलाच लागली.

दुसऱ्या दिवशी ढिगात हात घातला. मुंग्या, टोचणं, ऊब — सगळं कळत होतं. कापूस मात्र कळेना. पुन्हा चोळला, तरी नाही.

"शेटजी, मले नाई समजून राह्यलं."

"मजाक करून राह्यले का? आता तं हात बरा झाला!"

डॉक्टर म्हणतात, नव्या नसेला सगळं पुन्हा शिकावं लागतं, वेळ लागतो. पटतं मला. पण नस पोचलीच नव्हती, तेव्हा त्या बोटांना कापूस कसा कळत होता?

त्या संध्याकाळी घरी आलो, तर बायको मोहल्ल्यात पेढे वाटून आली होती. एक तिनं माझ्या तोंडात घातला आणि मला रडू आवरेना. तिला वाटलं, आनंदानं रडतोय. मी तसंच वाटू दिलं.