सतरा नंबरचा फॉर्म

नाशिकच्या स्टँडवर पालघरच्या एसटीत चढल्यावर कपड्यांची बॅग मी वरच्या फळीवर टाकली आणि कागदांची पिशवी मांडीवर घेतली. तिच्यात चाळीस कोरे फॉर्म होते. तेरा ते सतरा वर्षांच्या मुलामुलींना विचारायचे प्रश्न: झोप नीट लागते का, मनातलं कोणाला सांगता येतं का, कोणी चिडवतं का, घरी कशाची भीती वाटते का. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला हे सर्वेक्षण करावं लागतं. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, त्यामुळे सर्वेक्षण म्हणजे काय हे आईला सांगताना माझी तारांबळ उडाली होती.

"लोकांच्या पोरांना घरातलं विचारायचं?" आई म्हणाली होती. "आणि ते सांगतील तुला?"

मी म्हटलं, नाव लिहायचंच नाही, म्हणून सांगतील. आमच्या मार्गदर्शक मॅडमनी तसं बजावून सांगितलं होतं. फॉर्मवर फक्त नंबर टाकायचा. कोणता नंबर कोणाचा, ते एका वेगळ्या निळ्या वहीत लिहून ठेवायचं, कारण सहा महिन्यांनी त्याच मुलांना पुन्हा भेटून उत्तरं ताडून पाहायची होती. मला ही पद्धत फार चोख वाटली होती.

त्र्यंबक मागे पडलं, मोखाड्यानंतर रस्ता वळणं घेऊ लागला. उतारावर भात कापून झालेली छोटी शेतं, मध्येच एखादं घर, घराला कुलूप. शेजारच्या आजी जव्हारला उतरणार होत्या. त्यांनी सांगितलं, दिवाळीनंतर ही माणसं कामाला जातात, पोरं पण जातात. मग माझ्या पिशवीकडे बघून त्या म्हणाल्या, "कसले कागद हायेत?"

"मुलांना प्रश्न विचारायचेत, आजी."

"शाळेची हायेस का दवाखान्याची?"

"दोन्हीची नाही."

आजींनी आपलं बोचकं माझ्यापासून थोडं लांब सरकवून घेतलं.

पालघरला उतरले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. स्टँडबाहेर चहा घेतला, रुंद रस्ते आणि नव्या इमारती पाहिल्या आणि लगेच बोईसरची बस धरली. तिथल्या कारखान्यांच्या पट्ट्यामागे एका चाळीत मैत्रिणीच्या ओळखीने पाच मुलं जमणार होती. बसमधून उतरताच नाकात एक आंबूस, औषधी वास शिरला. मी रुमाल काढला. आजूबाजूला कोणीच काढला नव्हता, म्हणून परत ठेवून दिला.

चाळीत मुलांआधी आया जमल्या. एकीने फॉर्म उलटसुलट करून पाहिला. "कौन सी कंपनी से आई हो?"

"कंपनी नहीं, कॉलेज."

"कॉलेज वालों को हमारे बच्चों की नींद से क्या मतलब?"

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते मॅडमच्या भाषेत होतं. मी नुसतीच हसले. तेवढ्यात एका मुलाने फॉर्म घेतला, भराभर भरला आणि बाकीच्यांनी त्याच्या खांद्यावरून पाहून आपापले भरले. दहा मिनिटांत काम संपलं. मी फॉर्म चाळले. पाचही मुलं रोज आठ तास झोपत होती, पाचही जणांना कसलीच भीती वाटत नव्हती. पाचांनीही शेवटी लिहिलं होतं, 'मैं बहुत खुश हूँ.'

"तुम्ही सगळे खरंच इतके खूश आहात?" मी विचारलं.

पहिला मुलगा हसला. "दीदी, दुखी लिखेंगे तो आप और सवाल पूछोगी ना?"

सगळे खो खो हसले. मलाही हसू आलं, पण रिक्षात बसल्यावर मनात संशय शिरला. हे पाच फॉर्म खोटे असतील, तर पुढचे खरे कसे ओळखायचे?

माझा मुक्काम चिंचणीला, प्राची नावाच्या माझ्या वर्गमैत्रिणीच्या मावशीकडे होता. बोईसर मागे पडलं तसा वास ओसरला आणि खाऱ्या वाऱ्याची झुळूक आली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चिकूच्या वाड्या (फळबागा) होत्या. मी हातपाय धुवायच्या आत मावशींनी ताटात तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी वाढली. चटणीचा पहिला घास घेतला आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

"तिखट हाय काय गो?"

"नाही, मावशी. छान आहे."

"खोटी बोलतेस," त्या म्हणाल्या आणि शेजारी गुळाचा खडा ठेवला. "आता तुझ्या फॉर्मात खरं कोण लिहील?"

चिंचणीत ऐकू येणारा पहिला आवाज समुद्राचा असेल असं मला वाटलं होतं. तो निघाला हातोडीचा. टिक्, टिक्, टिक्, थांबून पुन्हा टिक्. मावशींचे शेजारी मोरेश्वरकाका घरामागच्या खोलीत डाय (दागिन्यांची नक्षी छापायचा पोलादी ठसा) बनवतात. इथल्या बऱ्याच घरांत हे काम चालतं. त्यांची मुलगी तन्वी दहावीत होती. पालकांची परवानगी लागते म्हणून मी संमतीपत्र घेऊन गेले, तर काकांनी कपाळावर चढवलेलं भिंग डोळ्यांवर ओढलं आणि तो कागद दोनदा वाचला.

"पोरींना काय त्रास हाय म्हनून विचारताय?"

"त्रासच असेल असं नाही, काका."

"मंग विचारताय कशाला?" असं म्हणून त्यांनी सही मात्र केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींच्या ओटीवर (घराच्या पुढच्या पडवीत) बारा मुली बसल्या. सुरुवातीला खिदळणं फार झालं. 'तुझा मोबाइल दिवसात किती वेळ वापरतेस?' या प्रश्नावर एक जण ओरडली, "माझा कुठला? घरात येकच हाय, तो पप्पांच्या खिशात!" मी पुन्हा पुन्हा सांगितलं, नाव लिहू नका, तुम्ही काय लिहिलं ते कोणालाही कळणार नाही. निळ्या वहीबद्दल मात्र बोलले नाही. तेव्हा ते सांगण्यासारखं आहे असं मला वाटलंच नाही.

हळूहळू ओटी शांत झाली. सगळ्यात शेवटी उठली तन्वी. 'घरात कोणालाच माहीत नाही अशी तुझी एखादी काळजी' या प्रश्नाखाली चार ओळींची जागा होती. तिने ती भरून कागद उलटला आणि मागेही लिहिलं. लिहिताना डावा हात कागदावर आडवा धरला होता. फॉर्म देताना घडी घालून दिला. त्याच्यावर नंबर होता सतरा.

मी तो आत जाऊन वाचला. मला वाटलं, सबंध प्रवासात कोणीतरी माझ्याशी पहिल्यांदा खरं बोललं.

दुपारी मुलींबरोबर किनाऱ्यावर गेले. ओहोटी होती, वाळू कडक होती. दूर घिवलीच्या बाजूला वीजकेंद्राचा आकार दिसत होता. मी त्याच्याकडे टक लावून पाहत होते, मुली वाळूतले खेकडे हुसकत होत्या. परत आले तर मावशी दारातच उभ्या. "मोरेश्वरनं बोलावलाय तुला. त्याला कोणीतरी सांगितलं, तन्वीनं पानभर लिवलं म्हनून."

खोलीत शेगड्यात (पकडीच्या यंत्रात) एक डाय आवळलेली होती. काका तिच्यावर छिन्नी धरून नक्षी कोरत होते, सगळी उलटी, म्हणजे दागिन्यावर सुलटी उमटेल. कोपऱ्यात पोलादाला पाणी द्यायची (तापवून कडक करायची) छोटी भट्टी धगधगत होती. भिंतीच्या फळीवर कापडात गुंडाळलेल्या डाय रांगेने ठेवल्या होत्या.

"बस," ते म्हणाले. "माझ्या पोरीनं काय लिवलंय?"

"ते मला सांगता येणार नाही, काका. त्यावर कोणाचंच नाव नाही."

"नंबर हाय ना?"

त्यांनी फळीवरची एक डाय उचलली, कापड थोडं सरकवलं आणि फक्त कडेवरचा आकडा दाखवला. "आमी पन डाय मागवनाऱ्या शेटचं नाव टाकत नाय. नंबर टाकतो. पन कोनाची डाय हाय ते मला बरोबर म्हायती असतं, कारन माझ्याकडं वही हाय. तुझ्याकडं पन असेल."

माझे कान तापले. नाशिकपासून मी भेटेल त्याला नाव नाही, नाव नाही म्हणत आले होते. हा माणूस ती बतावणी एका नजरेत ओळखत होता, कारण त्याचा धंदाच तसा चालत होता.

"आहे," मी म्हटलं.

"ताई?"

तन्वी दारात उभी होती. "तुमी बोललात, कोनालाच कळनार नाय."

काकांनी हात पुढे केला. "वही दाखव. बाप हाय मी तिचा."

मी पिशवी छातीशी धरली. ती वही दाखवायची नव्हती एवढंच कळत होतं, पण तसं म्हणायचा माझा काय अधिकार होता, ते कळत नव्हतं. बोलली तन्वीच. "पप्पा, त्या राजकोटच्या शेटची डाय तुमी मुंबईच्या शेटला दाखवता काय?"

"ती गोष्ट येगळी."

"येगळी कशी? तो मुंबईवाला हितं बसून चहा पितो, तरी तुमी कापड काढत नाय."

काकांनी हातोडी उचलली, एक ठोका मारला आणि खाली ठेवली. आता काय होणार ते मला समजेना. मी वही काढली, चिंचणीच्या नावांचं पान फाडलं आणि भट्टीजवळ गेले. वाकताना कळलं की आता सहा महिन्यांनी या मुलींचे फॉर्म जुळवता येणार नाहीत; माझ्या अभ्यासाचा निम्मा भाग इथेच संपला. पान निखाऱ्यावर टाकलं. ते कडेने काळं झालं, मग एकदम पेटलं.

"फॉर्म तर तुझ्याकडंच ऱ्हानार," काका म्हणाले. संशय गेला नव्हता, पण आवाज खाली आला होता. "मला येवढंच सांग. घाबरन्यासारखं हाय काय?"

मी तन्वीकडे पाहिलं. ती वडिलांकडे पाहत होती.

"काका, ते तिलाच विचारा. पण विचारून गप्प बसा. मध्ये बोलू नका."

हे मी कुठून बोलले कोण जाणे. मी त्यांच्या निम्म्या वयाची.

दुसऱ्या दिवशी सकाळी बस पकडायला निघाले, तर हातोडीचा आवाज नव्हता. "सुट्टी आहे का आज?" मी विचारलं. मावशी म्हणाल्या, "त्याला कसली सुट्टी? पोरीला घेऊन दर्यावर गेलाय सकाळीच. तिकडं काय बोलतात ते बोलू दे." आणि माझ्या हातात चिकूंची पिशवी दिली.

नाशिकला मॅडम नाराज झाल्या. पद्धत मोडली होती, त्यांचं बरोबरच होतं. मी प्रबंधात घडलं तसं लिहिलं: यादी नष्ट केली, दुसरी फेरी होणार नाही, आणि मुलांना वहीबद्दल आधी सांगितलं नव्हतं ही चूक माझी. बोईसरचे पाच फॉर्मही तसेच ठेवले. आता मला ते खोटे वाटत नाहीत. त्या मुलांनी अनोळखी माणसासमोर दार लावून घेतलं होतं, एवढंच. तन्वीने काय लिहिलं होतं ते प्रबंधात नाही, आणि इथेही लिहीत नाही.

घरी आल्यावर पिशवीत कोरे फॉर्म उरले होते. बारा मुलींना भरायला लावलेला कागद आपण स्वतः कधी भरला नाही, हे तेव्हा लक्षात आलं. पेन घेऊन बसले. झोपेचा प्रश्न झाला, मैत्रिणींचा झाला. शेवटच्या चार ओळींपाशी बराच वेळ थांबले, मग लिहायला लागले.

आई चिकू कापून घेऊन आली. "काय लिहितेस?"

"काही नाही," मी म्हटलं. माझा डावा हात कागदावर आडवा पडला होता.

आईने हाताकडे पाहिलं, ताटली ठेवली आणि समोर बसली. विचारलं काहीच नाही. नुसती बसून राहिली.