टाकीखालची वायर

काल मिक्सरची वायर जळाली आणि त्या वासासरशी मुलुंडच्या चाळीसमोरची आमची जुनी मोटरसायकल आठवली. तिचा हेडलाइट मध्येच जायचा. दोन बल्ब बदलून हरल्यावर मी पुढे पेट्रोलच्या टाकीवर बसणाऱ्या माझ्या चार वर्षांच्या लेकीला, चिऊला, कामाला लावलं. ती हेडलाइटला चापट मारायची, की तो लागायचा. मला माझ्या युक्तीचं भारी कौतुक.

एका रविवारी टाकी उतरवली. खालची वायर घासून उघडी, काळी पडलेली, आणि टाकीचा तळ पेट्रोलने ओला. चापटीगणिक तिथे ठिणगी उडत असणार.

बायकोने वाकून पाहिलं. "हिला तू रोज यावर बसवत होतास?"



"बाबा, चल ना," म्हणत चिऊ उघड्या सांगाड्यावर चढू लागली. मी तिला उचललं. ती चिडून पाय झाडत होती, पण माझे हात काही सैल होईनात.