सॉरी नसलेला ऑटो-रिप्लाय

आमच्या टीममधली निम्मी माणसं म्युनिकची. तिकडे उन्हाळ्याच्या तोंडावर, एका गुरुवारी, फ्रोनलाइखनाम नावाचा सण असतो, हे मला ऐन सॉफ्टवेअर रिलीजच्या दिवशी कळलं. तिथल्या एका जुन्या सहकाऱ्याला मी ईमेल पाठवली, तर आपोआप उत्तर आलं: आज सण आहे, सोमवारी भेटू. त्यात एकही 'सॉरी' नव्हतं. इकडे अमेरिकेत, वेस्ट विंडसरच्या घरात बसून मी नुसता चरफडलो. सोमवारी गड्याने वर कौतुकाने सांगितलं, की गावच्या मिरवणुकीत तो ट्रॉम्बोन वाजवतो आणि तीस वर्षांत एकदाही चुकलेला नाही.

मी मात्र गणपतीच्या दिवशीही कॉलवर. सोवळं नेसलेलं आणि एका कानात हेडफोन, हा माझा दरवर्षीचा थाट. त्या वर्षी आरतीच्या वेळी म्यूट करायला विसरलो. झांजा, टाळ्या, बायकोचा वर चढलेला सूर, सगळं थेट म्युनिकला पोचलं. आरती संपली तेव्हा त्याच सहकाऱ्याने उत्सुकतेने विचारलं, हे काय होतं?

"सॉरी, सॉरी, बॅकग्राउंड नॉइज," मी घाईघाईने म्हणालो.

बारा वर्षांची लेक समोर तबक घेऊन उभी होती. "बाबा, यू कॉल्ड इट नॉइज?" तिने तबक खाली ठेवलं आणि खोलीत निघून गेली. मोदकाला हात लावला नाही. मला माझीच लाज वाटली.

पुढच्या जानेवारीत टीमच्या सुट्ट्यांच्या कॅलेंडरवर, म्युनिकच्या सणांच्या रांगेत, मी गणेश चतुर्थी लिहून टाकली. तरी मॅनेजरने रिलीज नेमका त्याच दिवशी ठेवला. तासभर ऑनलाइन येशील ना, म्हणाला. माझा व्हिसा कंपनीच्या हातात. पण म्हटलं, नाही, सुट्टी आहे. त्याने कॅलेंडर पाहिलं आणि रिलीज दोन दिवस पुढे ढकलला. एवढंच! आणि मी इतकी वर्षं घाबरत होतो.

चतुर्थीच्या सकाळी ऑटो-रिप्लाय लिहून लेकीला दाखवला: आज आमच्याकडे गणपती आहेत, उद्या भेटू.

तिने दोनदा वाचला. "नो सॉरी?"

"नाही."

लॅपटॉप तिनेच बंद केला. मग झांजा उचलल्या आणि अशा वाजवल्या, की शेजारचे काका-काकू आरती संपायच्या आत दारात हजर. आरती त्या वर्षी तिनेच पुढे होऊन म्हटली.