डाव्या अंगाची टाकी

शिरड शहापूरच्या भीमराजचा कुकर रस्त्याने येताना लांबूनच ओळखू यायचा. तो डावीकडे कलून चालायचा. कुकर म्हणजे घरातला नव्हे, हळद शिजवायचा. दोन चाकांच्या ट्रेलरवर मधोमध बॉयलर, त्याखाली भट्टी, मागेपुढे हळद भरायचे पत्र्याचे ड्रम आणि बाजूला पाण्याची टाकी. हळदीची काढणी सुरू झाली की हा गाडा शेताशेतांतून फिरतो. बॉयलरची वाफ ड्रममध्ये सोडायची, हळद शिजली की खाली ओतायची, ड्रम पुन्हा भरायचे. एका शेतातलं काम उरकलं की पुढच्या शेतकऱ्याने आपला ट्रॅक्टर पाठवायचा आणि कुकर ओढून न्यायचा. ज्याची हळद त्याचा ट्रॅक्टर, असा इकडचा रिवाज. म्हणून ट्रॅक्टर नसलेल्या माणसालाही कुकर ठेवता येतो. भीमराजने तो ठेवला होता.

त्याआधी तो दुसऱ्यांच्या कुकरवर आग सांभाळायचा. धूर खायचा, शिव्या खायचा आणि हंगाम संपला की पुन्हा मिळेल त्या मजुरीला जायचा. जुन्या उसाच्या ट्रेलरचा ॲक्सल, भंगारातले पत्रे, कुठली तरी टाकी असं सामान त्याने हळूहळू जमवलं आणि जवळा बाजारच्या वेल्डरकडून कुकर बांधून घेतला. ड्रमवर निळ्या अक्षरांत आपलं नाव काढून घेतलं. त्याला पुढे काही मोठं करायचं नव्हतं. दुसऱ्याच्या भट्टीपुढे पुन्हा मजूर म्हणून बसायचं नाही, एवढंच त्याच्या मनात पक्कं होतं.

मजूर ठेवणं त्याला परवडत नव्हतं. कामाला दोघंच, तो आणि बायको कमलबाई. ड्रम भरून घेणं आणि ओतणं त्याच्याकडे, तर भट्टीत कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या सारणं आणि बॉयलरच्या पाण्यावर लक्ष ठेवणं कमलबाईकडे. तिचा गुडघा दुखायचा. म्हणून त्याने वेल्डरला सांगितलं की भट्टीचं तोंड आणि पाण्याची टाकी एकाच अंगाला घ्या, हिला चकरा नकोत.

"सगळं वजन डाव्या अंगाला जाईल, भीमराज," वेल्डर म्हणाला.

"जाऊ द्या. वढायचं ट्रॅक्टरला हाय, फिरायचं हिला हाय."

वेल्डरने खांदे उडवले आणि टाकी डावीकडे जोडली.

ट्रेलरचं वजन चाकांवर थेट बसत नाही. ते चाकांच्या आतल्या बाजूला असलेल्या स्प्रिंगच्या पाट्यांवर बसतं. वजन जास्त झालं की ॲक्सल मधे खाली बाकतो आणि चाकं वरून आत झुकतात. मग टायर पूर्ण रुंदीने जमिनीवर टेकत नाही, आतल्या कडेवरच चालतो. भीमराजचा ॲक्सल टाकीच्या बाजूला जास्त बाकला होता. उभं राहून बघितलं तर डावा टायर चांगला दिसायचा, नक्षी शाबूत. खाली वाकून आतून बघावं तर गुळगुळीत झालेलं रबर आणि त्यातून वर आलेले दोरे. त्यात भट्टीची आच. शिजवणी चालू असली की तो टायर दिवसभर भाजत राहायचा आणि ट्यूबवर लावलेलं ठिगळ सुटायचं. कमलबाई त्यावर ओलं पोतं टाकून ठेवायची. हळद भरायला आलेल्या बाया हसायच्या.

"कमलबाई, टायराला ताप आलाय का वं?"

"व्हय ना, आन् उतरंनाच."

पंक्चर रोजचंच झालं. एकदा जवळा बाजारला गुलाबसिंगच्या दुकानी भीमराजने चाक नेलं. कमलबाई बरोबर होती. गुलाबसिंगने ट्यूब पाण्यात दाबली, बुडबुडे बघितले आणि ट्यूब तशीच वर धरली.

"याच्यात ट्यूब कोणती आन् ठिगळ कोणतं, तूच दाखव बरं."

"काटे लई झालेत गुलाबभाई यंदा."

"काटे सगळ्यालेच हायेत. उजव्या चाकाला काहून न्हाई टोचत मंग?" त्याने टायर उलटा करून आतली बाजू दाखवली. "हे बघ. काटा कशाला पायजे, याच्यात तर काडीबी घुसंल. ती टाकी काढ तिथून. उजवीकडं घे, न्हाई तर मधी घे. नवा टायर टाकला तरी ती खाऊन टाकंल."

कमलबाई बाकड्यावर बसली होती. ती उठून जवळ आली.

"म्हंजी टायर माझ्यापायी जाऊन राहिला का?"

"तुझ्यापायी न्हाई. टाकीपायी."

"आन् टाकी कुणापायी हाय तिथं?"

भीमराजने टायर पुन्हा सुलटा केला.

"घ्या तिकडं टाकी. मी फिरंन."

"गुडघा फिरू देतो का? परवा उठाया हात द्यावा लागला."

"मंग काय करता? चाकाला हात देता का?"

गुलाबसिंग हसला, ती हसली नाही. टाकी हलवायची म्हणजे सगळे पाइप तोडून नव्याने जोडायचे, कुकर थंड ठेवायचा. हंगाम चालू होता आणि शेतकऱ्यांचे नंबर लागलेले होते. एकदा नंबर सुटला की तो शेतकरी दुसऱ्या कुकरवाल्याचा होतो. भीमराज म्हणाला, हंगाम झाल्यावर बघू.

तोवर त्याने त्याला सुचलेले इलाज केले. आधी दोन्ही टायरांची अदलाबदल केली. घासलेला उजवीकडे गेला आणि चांगला डावीकडे येऊन घासू लागला. मग स्टेपनी काढून लावली, तीही गेली. शेवटी त्याने उजव्या बाजूला दगडांनी भरलेली पोती बांधली. कुकर सरळ उभा राहिला. भीमराज लांब जाऊन डोळा बारीक करून बघून आला. त्याला फार बरं वाटलं. पण वजन वाटलं गेलं नव्हतं, वाढलं होतं. ॲक्सल आणखी बाकला आणि आता दोन्ही चाकं आतून घासू लागली.

वसमतकडच्या उत्तमराव पाटलांचा नंबर आला तेव्हा कुकर या अवस्थेत होता. उत्तमरावांची हळद त्या शिवारात सगळ्यांत जास्त. त्यांच्याकडे ज्याचा कुकर लागेल तोच पुढे शेजारच्या व्यंकटरावांकडे आणि बाकीच्यांकडेही जायचा. उरलेला हंगाम त्या एका नंबरवर होता. हळद काढून ढीग लागले होते, आणि काढलेली हळद उन्हात जास्त ठेवली तर खराब होते. त्यांचा मुलगा हरीश सकाळीच ट्रॅक्टर घेऊन आला. कुकर जोडला. भीमराज आणि कमलबाई मडगार्डवर बसले.

गाव जवळ आल्यावर हरीशने ट्रॅक्टर रस्त्यावरून खाली घातला.

"हरीशभाऊ, रस्त्यानंच चला. तूर कापल्याली हाय तिथं, खुंट हायेत."

"आपलंच रान हाय काका. माझ्या टायराला आजवर काय झालं न्हाई. बसा निवांत."

विळ्याने तिरप्या कापलेल्या तुरीचा खुंट भाल्यासारखा उभा असतो. ट्रॅक्टरचे जाड टायर त्यावरून गेले. मागून कुकरचं डावं चाक आलं. मोठा आवाज झाला नाही. कुकर कलला, पत्रे कुरकुरले, आणि हरीशने ब्रेक दाबला.

'मी सांगितलं होतं' असं भीमराज म्हणाला नाही. रान त्यांचं, ट्रॅक्टर त्यांचा आणि हळदही त्यांचीच. त्याने जॅक काढला. काळ्या मातीत जॅक खाली जायला लागला तेव्हा पोत्यातले दगड काढून त्याखाली रचले. पहारीने टायर सोडवला. खुंट आतल्या कडेतून आरपार गेला होता. ट्यूबला जुन्या ठिगळाच्या शेजारी बोट जाईल एवढं भोक. टायरला आतून लावायला त्याने जुन्या टायरचा तुकडा कापायला घेतला.

"व्हतंय का काका?" हरीश दर थोड्या वेळाने विचारत होता. "बाबा फोनवर फोन करून राहिले. उनात हळद पडल्याली हाय."

"झालंच. ठिगळ वाळू द्या जरा."

पुन्हा फोन वाजला. हरीश बाजूला गेला. "व्हय... न्हाई, अजून न्हाई... बरं... बरं, तसं करा." फोन खिशात टाकून तो परत आला आणि बांधावरच्या बाभळीखाली बसला.

"काका, सावकाश काढा आता. काय घाई न्हाई."

भीमराजला हायसं वाटलं. तो कमलबाईला हळूच म्हणाला, "पोरगं समजदार हाय. पाटलाला समजावलं वाटतं त्यानं."

कमलबाईने हरीशकडे बघितलं. हरीश मान वर न करता मोबाइलवर बोट फिरवत होता. तिला जे समजायचं ते समजलं. तिने पंप भीमराजपुढे ठेवला आणि चाक धरून बसली. तो पायाने पंप मारू लागला. घामाने त्याचा सदरा पाठीला चिकटला होता, आणि मधेच थांबून तो सांगत होता की एकदा पाटलाची हळद उरकली की मग टाकीचं बघून टाकू, थोडी मागं घेऊ, म्हंजी तुलाबी फिराया नगं. ती 'हूं' म्हणत राहिली.

पुढे हरीश रस्त्याने आणि हळू गेला. उत्तमरावांचं शेत दिसायच्या आधी धूर दिसला.

विश्वंभर नावाच्या माणसाचा नवा कुकर ढिगाशेजारी उभा होता. चार चाकी, दोन ॲक्सलचा. पहिली हळद ओतून झाली होती आणि तिची वाफ जमिनीवरून वर चढत होती. उत्तमराव बांधावर आले.

"ये भीमराज. च्या घे."

"पाटील, नंबर माझा व्हता."

"व्हता ना. पर हळद थांबती का? ऊन बघ कसं हाय."

"पंक्चर झालं. तुरीच्या..." भीमराजने हरीशकडे बघितलं आणि थांबला. "वाटंत काटा लागला."

"तुझ्या गाडीला काटा रोजच लागतो, बाबा." उत्तमरावांचा आवाज रागाचा नव्हता. "आता काय तकलीफ करून घेऊ नको. जेवून जा."

"व्यंकटरावाच्या रानाचं..."

"त्यालाबी ह्योच कुकर सांगितला. एका फेरीत उरकतं दोघांचं."

कुकर शेतात ठेवून चालणार नव्हतं. शिजलेली हळद पसरायला जागा हवी होती. हरीशने तो रस्त्यापर्यंत ओढून नेला, पिन काढली, पुढच्या टेकूखाली दगड लावायला मदत केली आणि ट्रॅक्टर घेऊन परत गेला. थोड्या वेळाने नवं ठिगळही सुटलं आणि चाक रिमवर बसलं. कुकर शिरडला न्यायला कुणाचा ट्रॅक्टर यायचा नव्हता. पुढे ज्याची हळद आहे असा कुणी राहिलाच नव्हता.

दोघं सावलीत बसली. पलीकडून विश्वंभरचा माणूस ओरडत होता, ड्रम भरायला हात कमी पडतायत म्हणून.

"जाऊ चला," कमलबाई म्हणाली.

"माझा कुकर हितं उभा असताना?"

"कुकर हितं हाय, पर उद्याची भाकर तिकडं हाय. उठा. मलाबी हात द्या."

त्याने तिला हात देऊन उठवलं. विश्वंभर भला माणूस होता. त्याने भीमराजला ओळखलं. "तुमी भट्टीवर बसा भाऊ, तुमच्यासारखी आग आमच्याकडं कुणाला जमत न्हाई," म्हणाला. भीमराज भट्टीपुढे बसला. त्याने पऱ्हाट्या उचलल्या आणि आत सारल्या.

कमलबाई बायांच्या रांगेत हळद भरू लागली. शेजारची बाई वसमतकडची होती, तिला ही दोघं माहीत नव्हती. कंबर सरळ करताना तिची नजर रस्त्याकडे गेली.

"कुणाचा वं त्यो कुकर? आसा काहून पडलाय?"

भीमराजने ते ऐकलं. कमलबाईने त्याच्याकडे एकदा बघितलं.

"कुणाचा का असंना," ती म्हणाली. "तू पोतं धर."