तुमी पाह्यलं काय?

दारव्ह्याच्या बसस्टँडमागे गाड्या दुरुस्त करणारे एक चाचा आहेत. गाडी आली की ते आधी हात पुसतात, उकिडवे बसतात आणि बराच वेळ तिच्याकडे नुसतं बघत राहतात. मी शाळेत विज्ञान शिकवतो. निरीक्षण कसं करावं, हे दरवर्षी मुलांना तावातावाने सांगतो, पण चाचा असे बघत बसले की मला धीर निघत नाही.

परवा माझी स्कूटर सुरू होईना. ती चाचांकडे ढकलत नेऊन मी जाहीर केलं, "शेजाऱ्यानं वायर कापली. आमचं गाडी लावण्यावरून भांडण आहे." सकाळी गल्लीत सगळ्यांदेखत मी त्याला नाही नाही ते बोलूनही आलो होतो.

"तुमी पाह्यलं काय, सर?"

"नाही. पण दुसरं कोण असणार?"

"मंग त्याचं नाव कायले घेता? काय दिसलं ते सांगा."

मला काहीच दिसलं नव्हतं.

चाचांनी सीट उचलली. वायर कुरतडलेली होती आणि तिच्याजवळ मीच ठेवून विसरलेली शेंगदाण्याची पुडी फाटून पडली होती.

"म्हणजे उंदीर!" मी ओरडलो.

"दाताच्या खुणा आहेत," चाचा म्हणाले. "उंदीर मी पाह्यला नाही."

संध्याकाळी मी शेजाऱ्याची माफी मागायला निघालो. हा आता माझा चांगलाच पाणउतारा करणार, हे फाटकापर्यंत पोचेस्तोवर मी नक्की करून टाकलं होतं. त्याने दार उघडलं, क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "झाली काय सर, गाडी सुरू?"