मिटायची राहिलेली नळी

मेडिकलच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना गर्भाची वाढ शिकवायला मी हल्ली इंटरनेटवरचे व्हिडिओ लावते. खडूने कितीही काढलं तरी जे डोक्यात शिरत नाही, ते पडद्यावर हलताना दिसतं. काल मेंदू आणि मज्जारज्जू जिच्यातून घडतात ती नळी मिटत होती, स्वेटरची चेन लावावी तशी. डोक्याच्या टोकापाशी आली आणि नेट गेलं. नळी तशीच उघडी, वर गरगरणारं चक्र.

"मॅडम, रिफ्रेश करा ना!" मागून कुणीतरी ओरडलं. वर्ग हसला.

व्हिडिओतला गर्भ कधी चुकत नाही. चुकलेले आमच्या कपाटात असतात. पडद्याशेजारच्या कपाटातल्या बरणीत पूर्ण दिवसांचं एक बाळ आहे. बोटांना नखं आहेत, कानांच्या पाळ्या आहेत. भुवयांच्या वर कवटीच नाही. पहिल्या बाकावरची मुलगी त्याच्याकडे बघत होती.

"मॅडम, याचंही इथंच अडकलं होतं?"

"हो. चौथ्या आठवड्यात. आपल्याला दिवस गेलेत हे आईला तेव्हा कळलंही नसेल."

नेट आलं. नळी टोकापर्यंत मिटली, व्हिडिओ आपोआप पहिल्यापासून सुरू झाला. आता कुणी हसत नव्हतं. मला तो बंद करायचं सुचेना. बरणीसमोर ती नळी पुन्हा पुन्हा नीट मिटत राहिली.